एका रुपयाखाली पाच छर्रे

"आता मी जे सांगणार आहे, त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही," दिवाकरराव म्हणाले. मग पोह्यांवर आणखी चिमूटभर जिरावण मसाला भुरभुरून त्यांनी सगळ्यांना पुरेसं ताटकळत ठेवलं. "माझ्या बंदुकीला चव कळते."

रविवारचे दहा वाजले होते. समोरच्या सोफ्यावर नाशिकहून आलेले व्याही कृष्णराव होते, शेजारच्या खुर्चीत शेजारचेच पुष्कर, स्वयंपाकघराच्या दारात यमुनाबाई, आणि भिंतीला टेकून सून सुमेधा, म्हणजे कृष्णरावांचीच लेक. मधल्या टीपॉयवर पोहे, शेवेचा डबा आणि छऱ्यांची एअर रायफल, असं सगळं शेजारी शेजारी मांडलेलं होतं. कृष्णरावांची गाडी दोनला होती. ती बंदूक त्यांच्याबरोबर नाशिकला जाणार की इंदुरातच राहणार, याचा निकाल आता लागायचा होता.

भानगड सुरू झाली होती सोमवारी. गेली दोन वर्षं दिवाकरराव फोनवर व्याह्यांना सांगत आले होते, की आपण गच्चीवरून जांभळाचा नुसता देठ उडवतो, जांभळाला धक्का लागत नाही. कृष्णरावांचा जन्म तहसील कचेरीत कागद तपासण्यात गेलेला. ते आठ दिवसांसाठी लेकीकडे आले ते व्याह्यांसाठी टोकदार छऱ्यांची एक चकचकीत डबी भेट घेऊनच आले, आणि चहा व्हायच्या आत म्हणाले, चला, देठ दाखवा.

गच्चीच्या एका टोकाला जुन्या गोधड्यांनी ठासून भरलेली लाकडी पेटी होती, तिच्यावर निशाण. दुसऱ्या टोकाला दिवाकरराव. मधे दहा मीटर, टेप लावून मोजलेले. पहिला छर्रा निशाणाच्या डाव्या कोपऱ्यात गेला. दुसरा उजव्या. तिसरा पेटीत. चौथा कुठे गेला ते तेव्हा कळलं नाही. पाचवा झाडायच्या आत पुष्करांच्या गच्चीवरून आवाज आला, की भिया, टाकीतून कारंजं काय उडतंय.

पुष्करांची टाकी दुरुस्त होईपर्यंत कृष्णराव थांबले. मग त्यांनी शांतपणे अट घातली. रविवारी सकाळी दहापर्यंत दिवाकररावांनी एक कागद दाखवावा. त्यावर दहा मीटरवरून मारलेल्या पाच छऱ्यांची भोकं असावीत, आणि त्या सगळ्यांवर मिळून एक रुपयाचं नाणं झाकण बसावं तसं बसावं. नाही बसलं, तर बंदूक नाशिकला.

"मी उभा राहून बघणार नाही," ते म्हणाले. "माझा तोंडावर विश्वास नाही, डोळ्यांवर तर त्याहून नाही. मी कागद मानतो."

दिवाकररावांनी बंदूक जवळ ओढली. पोलोग्राउंडच्या कारखान्यातल्या पहिल्या बोनसची ती बंदूक. तिच्यावरून यमुनाबाईंशी झालेलं पहिलं भांडणसुद्धा त्यांना अजून तारीखवार पाठ होतं. पण त्याच कारखान्यात त्यांनी छत्तीस वर्षं इन्स्पेक्शन केलं होतं, आणि इन्स्पेक्शनचा पहिला धडा असा, की माल बिघडला तर मशीनला शिव्या देऊ नयेत, मोजमाप घ्यावं.

मंगळवारी त्यांनी बाजारातून आणखी चार जातींचे छर्रे आणले. चपट्या तोंडाचे, गोल डोक्याचे, एक हलके, एक जडशीळ. व्याह्यांचे टोकदार धरून पाच. पाच जाती वेगळ्या ठेवायला घरात एकच वस्तू योग्य होती, देवघरातलं पितळी पंचपाळं. हळद, कुंकू, अक्षता एका वाटीत विसाव्याला गेल्या आणि पंचपाळ्याच्या पाच वाट्यांत पाच जाती ऐटीत बसल्या. निशाणांसाठी त्यांनी जुन्या लग्नपत्रिका काढल्या. जाड कागद, मागची बाजू कोरी. दोन दिवसांत इंदुरातल्या निम्म्या मराठी जोडप्यांच्या शुभविवाहाला भोकं पडली.

आणि तरी नेम लागेना. आपला हात हलतो म्हणून त्यांनी बंदूक गच्चीवरच्या लोखंडी शिकंज्यात आवळली, पाना लावून. छर्रे आणखीच फाकले. दिवाकरराव शिकंजा अजून पिळत होते, तेवढ्यात यमुनाबाई वाळवण काढायला वर आल्या. त्यांनी एकदा बंदुकीकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे.

"अहो, आपला सुजय तान्हा होता तेव्हा त्याला पण तुम्ही असंच आवळून धरायचे. तो रडायचाच ना."

बाई खाली गेल्या. दिवाकररावांनी पाना खाली ठेवला. मग त्यांनी शिकंजा सोडला, गव्हाचं अर्धं पोतं आडवं टाकलं, बंदूक त्याच्यावर नुसती टेकवली आणि हात असा सैल ठेवला, जसा झोपलेल्या पोराच्या पाठीवर ठेवतात. स्प्रिंगची बंदूक धक्का देते, तो तिला तिच्या मनासारखा देऊ द्यायचा. आवळलं की ती प्रत्येक वेळी वेगळीच उसळी मारते. चपट्या तोंडाचे छर्रे पहिल्यांदा एका वाटीएवढ्या जागेत आले. दिवाकररावांनी एकट्यानेच गच्चीला एक फेरी मारली.

बुधवारी दुसरा शोध लागला. जात बदलली, की नव्या जावयासारखी नळी आठ-दहा फैरी अवघडून बसायची. छर्रे इकडेतिकडे. मग एकदाची रुळायची आणि घरच्यासारखी वागायची. म्हणजे पाच मारून मत बनवायचं नाही, दहा फुकट घालवायचे आणि मग पाच मोजायचे. दिवाकररावांनी वहीत कोष्टक आखलं. टोकदार नापास. हलके नापास. गोल डोक्याचे बरे. जड खाली पडतात. चपटे पास, पण त्यातलेही काही वर, काही खाली. एकाच डबीतल्या छऱ्यांची वजनंसुद्धा सारखी नसावीत, अशी शंका त्यांना आली आणि त्या रात्री ते लहान पोरासारखे आनंदाने झोपले.

गुरुवारी यमुनाबाईंकडे हळदीकुंकू होतं. त्यांनी पंचपाळं उघडलं. छर्रे पाहिले. मग अजिबात वेळ न घालवता पाचही वाट्या मुरंब्याच्या रिकाम्या बरणीत ओतल्या, पंचपाळं चिंचेने लख्ख घासलं आणि बायकांना कुंकू लावलं. दिवाकरराव आले तेव्हा बरणी खिडकीत होती. त्यांचा चेहरा पाहून बाई म्हणाल्या, एवढं काय, सगळे काळेच तर आहेत.

दोनशे चाळीस छर्रे. शुक्रवारी सकाळी बरणी पोटाशी धरून दिवाकरराव सराफ्यात अर्पितच्या पेढीवर हजर झाले. सुमेधाचं मंगळसूत्र अर्पितने घडवलं होतं, तेवढ्या हक्कावर त्यांनी मिलिग्रॅम दाखवणारा काटा मागितला.

"काका, लोक इथे सोनं आणतात," अर्पित म्हणाला. "तुम्ही शिसं घेऊन आले. बेचायचंय का गहाण ठेवायचंय?"

पण मामला काय आहे ते कळल्यावर त्याच्याच अंगात आलं. त्याने चिमटा काढला, भिंग डोळ्याला लावलं आणि दोघं एकेक छर्रा मखमलीवर ठेवून तोलू लागले. गिऱ्हाइकं आली ती थबकून पाहू लागली. एवढ्या निगुतीने तोलतायत म्हणजे माल भारीच असणार. दुपारपर्यंत समोरच्या दोन पेढ्यांवर त्या काळ्या मोत्यांचा भाव विचारून झाला होता, आणि एका बाईंनी तर त्यांचा सर गुंफायचा तर किती दिवस लागतील अशी चौकशी केली, असं दिवाकरराव सांगतात. संध्याकाळी निकाल हातात आला. चपट्या तोंडाचे, वजनाला तंतोतंत सारखे, एकूण पंधरा. दहा नळी रुळवायला, पाच निशाणावर. बाकी सगळा गाळ, तो अर्पितकडेच राहिला.

शनिवारी दुपारी चारला दिवाकररावांनी पोत्यावर बंदूक टेकवली. दहा झाडले. कपाळ पुसलं. मग पुढचे पाच, प्रत्येकाच्या आधी अर्धा श्वास सोडून. जवळ जाऊन पाहिलं तर पत्रिकेच्या पाठीवर पाच भोकं एकमेकांना चिकटून बसली होती, कडब्याच्या गाडीवर माणसं बसतात तशी. त्यांनी खिशातून रुपया काढून ठेवला. पाचही गुप्त. रुपया उचलला. पाचही हजर. असं त्यांनी निदान वीस वेळा केलं. मग पत्रिका पोत्यावर ठेवून ते खाली जाऊन चक्क व्याह्यांना श्रीखंड वाढू लागले, आणि उद्याचं सोंग नीट वठावं म्हणून तोंडातून अक्षर काढलं नाही.

रविवारी सकाळी सातला यमुनाबाई गच्ची झाडायला गेल्या. पोत्यावर कुरतडलेली पत्रिका दिसली. उंदीर झालेले दिसतात, असं म्हणून त्यांनी गहू झाकला, आणि पत्रिकेला लागलेलं शिसं-धूळ झटकून ती सुक्या कचऱ्याच्या डब्यात टाकली. मधली पिन काढून वेगळी ठेवली. इंदुरात राहून कचरा वेगळा करण्यात चूक करतील त्या यमुनाबाई कसल्या. सव्वासातला गाणं वाजवत कचऱ्याची गाडी आली आणि डबा रिकामा झाला.

साडेसातला सारी कॉलनी पाहत होती, की बनियन आणि पट्ट्यापट्ट्याचा पायजमा घातलेले दिवाकरराव गाडीमागे धावतायत. तिसऱ्या वळणावर त्यांनी गाडी गाठली आणि धापा टाकत गाडीवाल्याला हिंदीत सांगितलं, की थांब बाबा, तुझ्या गाडीत माझी इज्जत आहे.

गाडीवाल्याने गाणं बंद केलं. "इज्जत सूखे में डाली थी के गीले में?"

सूखे में. पण तोवर सुक्यावर अख्ख्या तीन गल्ल्यांचा पुठ्ठा दाबून बसला होता. दिवाकरराव घरी आले, गच्चीवर गेले. हाताशी व्याह्यांच्या डबीच्या तळाशी राहिलेले टोकदार छर्रे तेवढे उरलेले. त्यांनी झाडून पाहिलं. नळीने काय म्हणायचं ते म्हटलं. साडेनऊला ते खाली उतरले, दहा मिनिटं घरात कोणाला दिसले नाहीत, आणि बरोबर दहाला पोह्यांच्या बशीसमोर, हातात एक पत्रिका धरून, प्रसन्न चेहऱ्याने बसले.

"तर चव," ते सांगू लागले. "टोकदार छर्रा दिला की ती थुंकते. हलका दिला तर खोकते. शेवटी मी चपटा छर्रा घेतला, पोत्यावर तिला निजवली, हात सैल. पहिला मारला, बरोबर मधे. दुसरा मारला, तो पहिल्याच भोकातून गेला. वाटलं, योगायोग. तिसरा मारला, तोही त्यातूनच. चौथ्याला तर मी डोळेच मिटून घेतले, व्याहीबुवा, खोटं नाही सांगत. आणि पाचव्याला तिने माझी वाट पण नाही पाहिली."

त्यांनी पत्रिका वर धरली. पाठीवर पेनने काढलेली सुबक वर्तुळं, कडेला किंचित सरकलेली. वर्तुळांच्या अगदी मधोमध एकच भोक. वाटोळं, स्वच्छ, कडा नीट. रुपया ठेवायचीही गरज नव्हती.

पुष्कर उठून जवळ आले. टाकीचा राग विसरून त्यांनी वाकून भोकातून पलीकडे पाहिलं आणि म्हणाले, की कमालच आहे भिया, एवढं साफ. चपट्या तोंडाचा छर्रा असाच साफ कापतो, असं दिवाकररावांनी त्यांना समजावलं, आणि ते तर खरंच होतं. यमुनाबाईंनी नवऱ्याच्या बशीत न मागता शेव वाढली.

कृष्णरावांनी चष्मा पुसून लावला. बराच वेळ पाहिलं. मग टीपॉयवरची बंदूक दोन्ही हातांनी उचलून त्यांनी व्याह्यांच्या मांडीवर ठेवली.

"मानलं, दिवाकरराव. कागद आहे म्हटल्यावर माझं काही म्हणणं नाही. बंदूक इथेच राहील." त्यांनी हात पुढे केला. "पण ही पत्रिका मला द्या. नाशिकला नेतो, फाइलला लावून ठेवतो. असा कागद आयुष्यात एकदाच मिळतो."

दिवाकररावांनी पत्रिका दिली नाही. फाटेल, म्हणाले. कृष्णरावांनी तिचं दुसरं टोक धरलं. दिवाकररावांचा अंगठा पत्रिकेच्या भोकाकडच्याच कडेवर, भोकाच्या थोडा खाली, घट्ट रोवलेला होता. तो निघेना. कृष्णरावांनी हळूच ओढलं, दिवाकररावांनी हळूच धरून ठेवलं, मग कृष्णरावांनी जरा जोरात ओढलं आणि पत्रिका सुटून त्यांच्या हातात आली.

सुमेधा भिंतीपासून पुढे झाली. तिने वडिलांच्या खांद्यावरून पत्रिकेकडे पाहिलं, मग सासऱ्यांच्या मोकळ्या अंगठ्याकडे, मग कोपऱ्यातल्या आपल्या ऑफिसच्या कामाच्या टेबलावरच्या पंचिंग मशीनकडे.

"न्या की, अप्पा," ती म्हणाली. "फाइलला लावायची दोन्ही भोकं बाबांनी आधीच पाडून ठेवलीत."