बारा फळ्यांची होडी

चष्म्याच्या दुकानात दुपारी दोन ते चार गिऱ्हाईक फिरकत नाही, हे ध्यानात घेऊन ताईने त्या वेळात होडी बांधायला घेतली. होडी संगणकावरच्या एका खेळातली होती. तिथे एका जादुई राज्यात मोठा तलाव होता. अलीकडच्या काठावर ताईची झोपडी, पलीकडच्या काठावर तिच्या धाकट्या बहिणीची. आईच्या शिलाई मशीनवरून दोघींचं बिनसलं त्याला दोन वर्षं झाली होती. फोनवर ‘बरी आहेस ना?’च्या पुढे गाडी जात नसे. खेळात मात्र धाकटीने एक दिवस पलीकडून हात हलवला. ताईने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. हात खरंच हलत होता. पण या काठावरचं बोलणं त्या काठावर पोचत नसे, आणि होडीला बारा फळ्या लागत.

सात फळ्या झाल्या आणि राज्याचं परिपत्रक आलं. ‘खेळाडूंच्या सोयीसाठी’ अशी त्याची सुरुवात होती. यापुढे लाकूड नोंदणीकृत कुऱ्हाडीनेच तोडावे. नोंदणीकृत कुऱ्हाडीचा दांडा नोंदणीकृत लाकडाचा असावा. नोंदणीकृत लाकूड म्हणजे नोंदणीकृत कुऱ्हाडीने तोडलेले लाकूड. जुन्या फळ्या ‘पूर्वकालीन पालापाचोळा’ ठरवून त्यांचा भुगा करण्यात आला.

मदतकक्षात एक बुटका बसे.

“अहो, कुऱ्हाडीशिवाय लाकूड नाही, लाकडाशिवाय कुऱ्हाड नाही. मग सुरुवात करायची कुठून?” ताईने विचारलं.

“अर्जापासून,” बुटका म्हणाला.

अर्ज इतके आले, की राज्याने नियमांचं सुलभीकरण केलं. कुऱ्हाडच रद्द झाली. आता झाडाची लेखी संमती पुरेशी होती. झाडाने स्वखुशीने टाकलेलं पान हीच त्याची सही. राज्यात बारमाही वसंत असल्यामुळे पान गळायची तरतूद नव्हती, एवढीच काय ती अडचण.

ताई अकरा दुपारी झाडाखाली उभी राहिली. शाळेतले एक मास्तर चष्म्याची दांडी बसवून घ्यायला आले.

“जरा थांबा हो, सही पडतेय,” ताई पडद्यावरची नजर न काढता म्हणाली.

“कुणाची?”

“झाडाची.”

मास्तर समोरच्या दुकानात गेले.

पुढे तक्रारी वाढल्या, तेव्हा ज्याला त्याला पाळीपाळीने पाव तास शिशिर ऋतू मंजूर झाला. तीन महिन्यांनी बाराव्या फळीला खिळा बसला. ताईने दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि होडी पाण्यात लोटली.

पलीकडे धाकटी उभी होती. अंगावर गणवेश, हातात शिक्का.

“आलीस, ताई!” तिने शिक्क्यासकट हात हलवला. “उतरण्याचा दाखला आणलायस ना?”

“कसला दाखला? अगं, मी आहे!”

“ते दिसतंय गं. पण तू आहेस असं लिहिलंय कुठे?”

“तू घाटावरची निरीक्षक कधी झालीस?”

“तुझी वाट बघत रिकामी किती बसणार? परीक्षा दिली. पहिली आले. आई म्हणाली, एक तरी पोरगी अधिकारी झाली.”

“एकदा सोड ना. कोण बघतंय?”

“आज तुला सोडलं, तर उद्या सगळ्यांच्याच बहिणी येतील.”

ताई होडीतच बसून राहिली. तेवढ्यात एक दाढीवाला ओंडक्यावर बसून आला आणि गुपचूप काठावर पाय टाकू लागला. ताई ताडकन उठली.

“ओ! कुठे चाललात? आम्ही काय वेड्या म्हणून बसलोय इथे?”

धाकटीने त्याला पकडून परत पाठवलं. बहिणींची नजरानजर झाली आणि दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांचं एकमत झालं. मग ताई होडीत, धाकटी काठावर, अशा त्या दोन तास भरभरून बोलल्या. ओंडकेवाले कसे माजलेत, सवलतींनी राज्य कसं बुडतंय, सगळं बोलून झालं. मशीनचा विषय निघाला नाही.

शेवटी दोघींनी ‘नियम आणखी कडक करा’ या मागणीच्या अर्जावर सही केली. त्याखाली आधीच चाळीस हजार सह्या होत्या. तुमचीही होती. अगदी पहिल्या पानावर, ठसठशीत अक्षरात.