तिसरा हिस्सा

आमच्या लाँचमध्ये माणूस अख्खा बसत नाही. त्याचा तिसरा हिस्सा बसतो. धरणाच्या पाण्याने वाकणगाव रस्त्यापासून तुटलं, लाँच एकच आणि जाणारी माणसं तिला झेपतील त्याच्या तिप्पट. पूर्वी धट्टीकट्टी माणसं आधी घुसायची, म्हातारीकोतारी काठावर. मग ग्रामसभेत ठरलं, की जायचं सगळ्यांनी, पण थोडं थोडं. उरलेला माणूस मागे थांबतो. लाँचच्या समितीचा सचिव मी. वजनकाटा माझ्याकडे, शिव्याही मलाच.

काय न्यावं याचं लोकांना भान नाही. सरपंच दर खेपेला तोंडच नेतात आणि सही न करता परत येतात. सांगून सांगून थकलो.

सोमवारी सगुणाकाकू शेलार आल्या. त्यांची शालन पलीकडच्या दवाखान्यात अडली होती. पहिलटकरीण, जवळ कुणी नाही.

“अण्णा, आजच्या दिवस अख्खी जाऊ द्या.”

“काकू, तुम्हाला सोडलं की उद्या सगळा गाव अख्खा येऊन उभा राहील.”

“माझा हिस्सा द्या त्यांना,” लाँचवाला खंडू म्हणाला.

“आणि लाँच कोण चालवणार, तुझा बाप?”

काकूंनी दोन्ही हात आणि मांडी काट्यावर ठेवली. हिस्सा पुरा भरला.

“अहो, डोकं न्या. नातवंडाचं तोंड बघायचं नाही का?”

“तोंड गुरुवारच्या खेपेला बघेन. पोरीला आज धरायला हात हवेत.”

लाँच गेली. उरलेल्या काकू धक्क्यालाच टेकून राहिल्या. मलाही घरी जाववेना.

संध्याकाळी लाँच आली. हात आले नव्हते.

“खंड्या, हात कुठायत?”

“ठेवून घेतले. मुलगी झाली, दोघी खुशाल. बाळ मांडीवर झोपलंय. सव्वा महिना झाल्याशिवाय हात सोडत नाही म्हणते शालन.” मग तो काकूंकडे वळला. “हात कपाळावरून फिरला आणि तिने डोळे मिटूनच ओळखलं. म्हणाली, आई आली.”

काकूंना रडू फुटलं. डोळ्यांना पदर लावायला गेल्या, तेव्हा हात नाहीत हे त्यांच्या ध्यानात आलं.

माझे हात अलीकडेच होते. मी त्यांचे डोळे नीट, कोरडे होईपर्यंत पुसले. गुरुवारी डोकं जायचं होतं, आणि ओले डोळे काट्यावर जास्त भरतात.