नांगर टाकलेली मोटार

बापू नाझर बाजारात गेले की आधी नांगर टाकत, मग भाजी घेत.

नांगर म्हणजे, अगदी खरं सांगायचं तर, नांगराची साखळी. बंदरात मोडीत निघालेल्या कुठल्याशा मचव्याची ती साखळी बापूंनी पैदा केली होती. एकेक कडी मनगटाएवढी. गाडी थांबली की बापू उतरायचे, डिकीतून साखळी खळखळत ओढून काढायचे, पुढच्या चाकातून ओवून विजेच्या खांबाला गुंडाळायचे आणि वर शहाळ्याएवढं कुलूप ठोकायचे. तोवर भाजीवालीची कोथिंबीर मान टाकायची.

"बापू, लागली काय हो बोट धक्क्याला?" पानवाला ओरडायचा.

"तुला काय जातंय मेल्या? तुझी टपरी कोण ढकलत नेणाराय!"

गाडी काळी, विलायती, बापूंपेक्षा थोडीच तरुण. हॉर्न सोडून तिचं सगळं वाजायचं. तिचा हातब्रेक निव्वळ हात ठेवायला होता. ती पळवून न्यायची तर न्यायची कुठे? एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला घाट, आणि मधे भेटणारा प्रत्येक जण खिडकीत डोकं घालून विचारणार, "आज बापू नाहीत वाटतं गाडीत?" पण हे बापूंना कोण सांगणार? मी एकदा सांगितलं. त्यानंतर आठवडाभर त्यांनी मला संशयित म्हणून वागवलं.

मी त्यांचा शेजारी. सरकारी कचेरीत कारकून. बापू कोर्टातून निवृत्त झालेले. समन्स बजावणं, जप्त्या आणणं असल्या कामांवर देखरेख करणारा नाझर, म्हणून सारी आळी त्यांना बापू नाझर म्हणायची. घरात एकटेच. काकू जाऊन वर्षं झालेली. मुलगा शरद बोटीवर, एवढंच आम्हाला ठाऊक. मुलाचा विषय निघाला की बापू चष्मा पुसायला घ्यायचे, आणि चष्मा स्वच्छ होईपर्यंत विषय बदललेला असायचा.

संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर चहा असायचा आणि चहाबरोबर त्यांचा खासगी दंडसंहितेचा वर्ग.

"कलम तीनशे एकोणऐंशी," बापू बशीत चहा ओतत म्हणायचे, "चोरी! शिक्षा काय, फार फार तर तीन वर्षं. म्हणजे मोटार चोरणारा आणि फणस चोरणारा एका पंगतीला! अरे, मोटार आहे ती!"

"मग किती हवीत बापू?"

"दहा. सक्तमजुरी. जामीन नाही."

"आणि पोर असेल तर? आता मुलांसाठी नवा कायदा आलाय. सोळाच्या आतल्या पोराला तुरुंगात घालता येत नाही."

हे मी मुद्दाम विचारायचो. कारण इथे बापूंची बशी हिंदकळायची.

"पोर? ज्याचे पाय ब्रेकला पोचतात तो पोर नव्हे! पाय ब्रेकला पोचतात तर शिक्षेलाही पोचतात. पोराला पाच वर्षं!"

"आणि गंमत म्हणून नेली असेल तर?"

"गंमत म्हणून, चुकून, देवाला जाऊन येतो म्हणून... सगळ्यांना सारखंच. चाक हललं की गुन्हा झाला."

मंत्री, आमदार, जिल्हा न्यायाधीश, सगळ्यांना बापूंनी या सुधारणा कळवल्या होत्या. कोणी उत्तर दिलं नाही. "विचार चाललाय," बापू म्हणायचे.

आता शिमग्याकडे येतो. शिमग्यात होळीसाठी लाकडं चोरायची ही आमच्याकडची रीत. ज्याची चोरीला जातात त्याने शिव्या द्यायच्या आणि दुसऱ्या दिवशी त्याच होळीला नारळ वाहायचा. त्या वर्षी आळीतल्या पोरांबरोबर मीही निघालो. वय पस्तिशीचं, पण अक्कल पोरांच्या बरोबरीची. पोरांचा म्होरक्या माझा भाचा विजू, वय वर्षं चौदा.

दिवेलागणीला बापू मारुतीला गेलेले. त्यांच्या अंगणाच्या कडेला, नारळाच्या झापांच्या ढिगाआडून, जमिनीत रोवलेली खैराची एक जाडजूड मेढ डोकावत होती. मीच ती पोरांना दाखवली. मीच म्हटलं, "खैर आहे रे! रात्रभर जळेल. उपटा!"

पोरांनी हलवून हलवून मेढ उपटली. ती उपटून आली आणि तिच्याबरोबर झापांखालून खळखळत साखळीही आली. चोरांना दिसू नये म्हणून बापूंनी झापांखाली लपवलेली साखळी. आम्ही लाकूड चोरलं नव्हतं, गाडी बांधलेला बापूंचा धक्काच उखडला होता.

गाडीने एक सुस्कारा सोडला आणि ती अंगणापुढच्या उतारावरून चालू लागली.

मी धावत जाऊन दार उघडलं आणि आत उडी मारली. दुसऱ्या दारातून विजू. "मामा, ब्रेक!" तो ओरडला. मी ब्रेक दाबला. पाय सरळ खाली गेला, पाण्यात पडल्यासारखा. पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. एक कोंबडी बाजूला झाली. एका गृहस्थाने नमस्कार केला, त्याला वाटलं बापूच आहेत. मीही सवयीने नमस्कार केला, म्हणजे स्टिअरिंग सोडलं. आणि गाडी मोठ्या डौलात खाडीकाठी मासळी वाळवायच्या जागेत शिरून बोंबलांची अख्खी मांडणी अंगावर घेऊन थांबली.

"माजे बोंबील मेले रे!" मालकीण टाहो फोडत आली. ते चार दिवसांपूर्वीच मेले होते हे सांगायची ती वेळ नव्हती. टपावर, बॉनेटवर, माझ्या कानावर बोंबील लोंबत होते.

शिमग्याच्या बंदोबस्ताला फिरणारे साळवी हवालदार तिथे आधीच हजर. "गाडी बापूसाहेबांची. आत तुम्ही दोघं. बापूसाहेब कुठेत?"

फिर्याद झाली की अटक, अटक झाली की निलंबन. आणि बापूंच्या हिशेबाने मला दहा, विजूला पाच. बहिणीला काय तोंड दाखवायचं? विजू माझा शर्ट धरून उभा होता.

उतारावरून बापू आले. एका हातात नारळाची वाटी, दुसऱ्यात धोतराचा सोगा. गर्दी बाजूला झाली. बापूंनी गाडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग बराच वेळ विजूकडे बघत राहिले.

"लिहू ना फिर्याद, बापूसाहेब?" हवालदारांनी विचारलं.

बापू विजूजवळ गेले. "लागलं कुठे?"

विजूने नाही म्हणून मान हलवली.

मग ते माझ्याकडे वळले. "मधू, ब्रेक किती वेळा दाबलास?"

"एकदाच, बापू. लागलाच नाही हो!"

"तीनदा दाबावा लागतो. मग लागतो." बापूंनी नारळाची वाटी विजूच्या हातात दिली. "मधू, तुला कोणी सांगितलं नव्हतं. तेव्हा त्यालाही नव्हतं सांगितलं मी."

त्यांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला. "राहू दे साळवी. एकदा लिहिली होती ना तुम्ही, तेवढी पुरे."

साळवींनी पेन खिशाला लावलं. दुसऱ्या दिवशी मीच त्यांना गाठलं, तेव्हा कळलं. शरद पंधरा वर्षांचा असताना न विचारता हीच गाडी घेऊन निघाला होता. पहिल्याच वळणावर ब्रेक न लागून चिऱ्यांच्या गडग्यावर, दगडी कुंपणावर आपटला. गुडघा फुटलेल्या पोराला बापूंनी स्वतः चौकीवर आणलं आणि अद्दल घडावी म्हणून फिर्याद लिहायला लावली. रात्रभर पोरगा तिथल्या बाकावर बसून होता. सोडल्यावर घरी आला, पण मनाने आलाच नाही. पुढे मिसरूड फुटलं तसा मुंबईला गेला आणि तिथून बोटीवर.

आम्हाला शिक्षा झालीच. बोंबलांची भरपाई माझ्या पगारातून, आणि दर रविवारी दोघांनी गाडी धुवायची. "सक्तमजुरी आहे," बापू खुर्चीतून बजावायचे, "चाकं नीट घासा!" धुऊन झाली की भाट्याच्या किनाऱ्यापर्यंत फेरी. मी मागे, बोंबलांच्या वासात. तो वास शेवटपर्यंत गेला नाही. विजू पुढे, बापूंच्या शेजारी, आणि प्रत्येक उतारावर बापूंचा पाठ, "एक, दोन, तीन. बघितलंस? आता लागला."

मेढ होळीत गेलेली. मी नवी आणतो म्हटलं, तर बापू म्हणाले, "बघू." बघू बघू करता पावसाळा आला. साखळी ओट्याखाली गंजत पडली. अंगणात गाडी उभी, चाकांखाली दोन चिरे लावलेले, बाकी मोकळी.

"बापू, कोणी नेली म्हणजे?" मी एकदा खोडी काढली.

"नेऊ दे की," बापू म्हणाले आणि बशीत चहा ओतू लागले.

त्या रविवारी काच पुसताना मला आत एक पुठ्ठा दिसला. स्टिअरिंगला सुतळीने बांधलेला, त्यावर बापूंचं कोर्टातलं ठसठशीत अक्षर. ती गाडी बापूंशिवाय कोणी चालवत नव्हतं, आणि बापूंना ते पाठच होतं.

'ब्रेक तीनदा दाबावा. सावकाश जावे.'