ओरेस्तचं धुराडं

"काका, आज राहणार कुठं तुम्ही?" फोमवाल्या डेलनं विचारलं आणि ओरेस्तची पंचाईत झाली.

प्रश्न तसा साधा. थंडी आत शिरू नये म्हणून भिंतींत आणि माळ्यावर फोम मारायचा, तो फुगून कडक व्हायचा आणि त्याचा वास जाईपर्यंत चोवीस तास घरात कुणी पाऊल टाकायचं नाही. लाकडाची भट्टी विझवायची. नळ गोठू नयेत म्हणून विजेचा हीटर तेवढा चालू राहणार. बाहेर उणे चौतीस. अशा वेळी माणूस भावाकडे जातो, लेकीकडे जातो, गेला बाजार शेजाऱ्याकडे तरी जातो. ओरेस्तला भाऊ नव्हता, लेक नव्हती. शेजारी होते, पण बायकोला, नदियाला, जाऊन वर्ष झालं होतं आणि त्या वर्षात ना कुणी त्याच्या दारात आलं होतं, ना तो कुणाच्या. नदिया होती तेव्हा गावाशी बोलायचं काम तिचं, हा मागे उभा राहून मान हलवायचा. मान हलवणाऱ्याला एकट्याला कोण बोलावणार?

"अरे, पुष्कळ जण आहेत," ओरेस्त म्हणाला. "कुणाला नाही म्हणू, हीच पंचाईत आहे."

खोटं बोलायचंच तर दणकून बोलावं.

तसा तो गेला होता हो रस्त्यापर्यंत. समोरच पारास्काचं घर. "एक रात्र राहू का?" एवढंच विचारायचं. पाच मिनिटं उभं राहून त्यानं ते वाक्य तीनदा घोकलं. मिशीवर बर्फ धरला. पण बहात्तराव्या वर्षी विधुरानं विधवेच्या दारात जाऊन हे विचारायचं म्हणजे काय चेष्टा आहे? तो फिरला, गोठ्यामागून बर्फावर चालणारी जुनी स्नोमोबील काढली आणि सरळ गोठलेल्या तळ्यावर गेला. तिथं बर्फाला भोक पाडून मासे धरायची त्याची फळ्यांची खोपटी होती. आत इवलीशी शेगडी, एक बाक. रात्रभर तो त्या भोकाकडे बघत बसला. एक मासा वर आला, त्याला त्यानं "बस ना जरा," असं म्हटलंसुद्धा. मासा कसला थांबतोय!

इकडे गावात काय झालं ते त्याला दुसऱ्या दिवशी कळलं. आपण आधीच ऐकून घेऊ.

पारास्कानं दुपारी पडदा सारून पाहिलं, तर ओरेस्तच्या धुराड्यातून धूर नाही. कॅनडातल्या सस्कॅचवानच्या त्या मुलखात जानेवारीत धुराड्यातून धूर नाही, म्हणजे घरात भट्टी पेटवणारा नाही. तेवढ्यात त्याच्या घराचं दार उघडलं आणि पांढरे झगे घातलेली, तोंडावर मोठाले मुखवटे लावलेली दोन माणसं बाहेर आली. दोघांच्या मध्ये एक लांबलचक, जड पिशवी. त्यांनी ती हळूच गाडीत ठेवली. आत माळ्यावरचा जुना, कुजका भुसा होता, पण पिशवीवर तसं लिहिलेलं नव्हतं. गाडी गेली. पारास्का धावत पलीकडे गेली, तर दारावर चिकटपट्टी आणि पाटी: 'आत येण्यास सक्त मनाई.' अंगणात ओरेस्तचा ट्रक जागच्या जागी, इंजिन गोठू नये म्हणून विजेची वायर लावलेली. ट्रक इथं, माणूस नाही. एवढ्या थंडीत चालत कोण जातंय?

तिनं गावच्या सभागृहाचं काम बघणाऱ्या बोहदानला फोन लावला. "अरे, ओरेस्त गेला रे! पांढऱ्या कपड्यातले आले होते. मुखवटे लावून! किती दिवस पडून होता कोण जाणे!"

बोहदाननं ओरेस्तच्या घरी फोन केला. घंटा वाजत राहिली. मग त्यानं साठ किलोमीटरवरच्या पोलिसांना कळवलं. "आमच्याकडचा रस्ता बर्फानं बंद आहे, उद्या दुपारी येतो," पोलीस म्हणाले.

"तोवर पीठ मळून ठेवायला काय हरकत आहे?" बोहदान म्हणाला. गावात माणूस गेलं की बायकांनी जमून बटाट्याचं सारण भरून पिरोग्या करायच्या, ही रीत. पोलिसांसाठी ती थांबत नाही.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला ओरेस्त उपाशीपोटी परतला. घरात जायला अजून अवकाश होता. सभागृहासमोर ही गर्दी गाड्यांची! कॉफी तरी मिळेल, म्हणून तो शिरला. कानटोपी भुवयांपर्यंत, मफलर नाकावर, चष्मा आत येताच धुक्यानं भरलेला.

"दार लाव रे! थंडी येतेय आत!" चारपाच जणी एकदम ओरडल्या. कुणीतरी त्याला बाकावर बसवलं, हातात सुरी दिली आणि पुढ्यात बटाट्यांची बादली सरकवली. शेजारी बोहदान बटाटे सोलत होता.

"कोण गेलं?" ओरेस्तनं विचारलं. रात्रभरच्या गारठ्यानं त्याचा आवाज पार बसला होता.

"ओरेस्त."

"अरेरे," ओरेस्त सवयीनं म्हणाला. मग सुरी थांबली. "कुठला ओरेस्त?"

"नदियाचा रे. सोन्यासारखा माणूस! गेल्याच आठवड्यात तासभर गप्पा मारल्या आम्ही."

बोहदान वर्षभरात त्याच्याशी एक शब्द बोलला नव्हता. ओरेस्तच्या अगदी ओठावर आलं होतं, 'मी इथं आहे, खोटारड्या!' पण त्यानं पुढचा बटाटा उचलला. खरं सांगायचं तर त्याला बरं वाटत होतं. एका बाजूला बोहदानचा खांदा लागत होता, समोर पिठाचा वास, आणि वीसेक माणसं त्याच्याबद्दल बोलत होती. कुणी म्हणालं फार हसतमुख होता. कुणी म्हणालं गायचा छान. आयुष्यात कधी गायला नव्हता तो. ओरेस्त बटाटे सोलत ऐकत राहिला. आणखी पाच मिनिटं, मग सांगू.

तेवढ्यात पिठात हात घातलेली पारास्का बोलायला लागली.

"मी रोज सकाळी त्याचं धुराडं बघायची. धूर दिसला की म्हणायची, उठला म्हातारा. मग माझा चहा ठेवायची. वर्षभर, एक दिवस चुकवला नाही. आणि रस्ता ओलांडून एकदा गेले नाही गं. धूर निघतोय ना, मग कशाला जायचं, असं वाटायचं. त्या बिचाऱ्याला काय कळणार, कुणी बघतंय ते!" आणि ती हुंदके द्यायला लागली.

ओरेस्तनं सुरी बादलीत टाकली. सगळं विसरून तो उभा राहिला.

"अगं, मग एकदा दार वाजवायचंस ना!"

त्यानं मफलर खाली ओढला. कुणाच्या तरी हातातून झारा पडला. बोहदाननं छातीवर क्रुसाची खूण केली.

"मेल्या!" पारास्का किंचाळली. "जिवंत आहेस आणि बटाटे सोलत बसलायस?"

मग फोम, चोवीस तास, तळं, खोपटी, सगळं बाहेर आलं. पारास्का आता खरी भडकली. "या थंडीत तळ्यावर? समोर दार आहे ना माझं! विचारता येत नव्हतं?"

"आलो होतो रस्त्यापर्यंत," ओरेस्त खाली बघत म्हणाला. "तोंडच उघडेना. वर्षभर कुणी नव्हतं गं. कुणाला विचारायचं तेच कळेना."

बोहदान खाकरला आणि म्हणाला, "सहाशे पिरोग्या झाल्यात. माणूस परत आला म्हणून काय टाकून द्यायच्या?" दुपारी पोलीस आला, त्यालाही वाढल्या. त्यानं वहीत काय लिहिलं कोण जाणे, पण तीनदा घेतल्या.

फोमनं मात्र काम चोख केलं. घर इतकं उबदार झालं की विजेच्या हीटरवरच भागायला लागलं. भट्टी बंद, धूर बंद. त्यामुळे पारास्काला रोज सकाळी सातला रस्ता ओलांडून यावं लागायचं. "आहेस का गेलास?" असं ओरडत ती दार बडवायची, मग दोघं चहा प्यायची, मग ती त्याच्या स्वयंपाकघराला नावं ठेवायची. हे दहाच्या आत आटपत नसे.

पंधरा दिवसांनी बोहदान सहज डोकावला. पारास्का टोपी काढत होती, तिच्या पापण्यांवर बर्फ होता. त्याला तिची दया आली.

"ओरेस्त, हिला कशाला रोज त्रास? उठलास की पुढच्या खिडकीत दिवा लावत जा. ही घरूनच बघेल."

ओरेस्तचा चेहरा पडला. "तो दिवा... गेलाय तो."

"मग मी नवा बसवून देतो की! पाच मिनिटांचं काम."

"काही उपयोग नाही," किटली विजेच्या शेगडीवर ठेवत पारास्का म्हणाली. "त्या भिंतीतली वायरच गेलीय. मी बघितलंय."