चिडचिड, सकाळी सात दहा, मध्यम

माझा मुलगा हल्ली बायकोच्या बोलण्याला उत्तर देत नाही, ते लिहून घेतो. आधी मनगटावरचं घड्याळ बघतो, मग वही उघडतो, आणि ती बोलायची थांबली की पेनाला टोपण लावतो. गेल्या महिन्यात एका सकाळी ती म्हणाली, ओला टॉवेल गादीवर टाकू नका, सव्वीस वर्षं सांगते आहे. सरळ नवऱ्याने टॉवेल उचलला असता. बेरक्याने ऐकू आलं नाही असं दाखवलं असतं. माझ्या मुलाने लिहिलं, 'चिडचिड. सकाळी सात दहा. मध्यम.' आणि तिच्या न्याहारीत चमचाभर जवस वाढवलं. टॉवेल गादीवरच होता.

तो वजनमापं तपासणारा निरीक्षक आहे. बाजारात दुकानदार त्याला पाठीमागे 'काटा' म्हणतात. हे त्याला ठाऊक आहे आणि आवडतंही. एवढ्या नोकरीत त्याने कुणाचा फुकट चहा प्यायला नाही की कुणाचं खोटं माप पोटात घातलं नाही, हे मी छाती पुढे काढून सांगते. पण ज्याच्या डोळ्यांपुढे दिवसभर पारडं हलतं, त्याला घरी आल्यावर माणूस दिसायला जरा वेळ लागतो. आमच्याकडे तो दिसलाच नाही.

सगळं सुरू झालं ते चांगल्या हेतूने. वाईट हेतूने झालं असतं तर मी पहिल्याच दिवशी मोडून काढलं असतं. सूनबाईने एकोणपन्नाशी गाठली. ती शाळेत गणित शिकवते. पाळी कधी दोन महिने गायब, कधी पंधरवड्यात दारात हजर. बसल्या जागी अंगातून वाफा निघायच्या, मानेवरून घाम ओघळायचा, झोप तर उडालीच होती. ती डॉक्टरीणबाईंकडे गेली, सोबत हाही गेला. त्या बाईने एका कागदावर पाच ओळी लिहून दिल्या. पालेभाज्या, कडधान्यं, दही, तीळ रोज पोटात जाऊ द्या. मीठ, साखर, तळलेलं कमी करा. चहा दोनच कप, तोही दुपारच्या आत. रोज अर्धा तास चाला. आणि पाचवी ओळ अशी, की जेवण वेळेवर, गरम आणि बसून घ्यावं, घरातली कामं वाटून घ्यावीत.

बाई शहाणी होती. एवढ्या कागदावर सगळं मावलं होतं.

मुलाने घरी येऊन तो कागद खिडकीच्या उजेडात धरला. चार ओळींपुढे बरोबरची खूण केली. पाचवीवर आडवी रेघ मारली आणि बाजूला लिहिलं, 'आहाराशी संबंधित नाही.' मी विचारलं तर म्हणाला, आई, आपला विषय आहार आहे. कामाची वाटणी हा स्वतंत्र विषय, त्यासाठी स्वतंत्र अर्ज लागेल. अर्ज कुणाकडे द्यायचा ते मी विचारलं नाही. घरात अधिकारी एकच होता.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघराच्या भिंतीवर तीन रंगांचा तक्ता लागला. त्यात माझ्या नातीचंही नाव होतं. ती एकोणीस वर्षांची, पाळीच्या आधी चार दिवस तिचं पोट फुगतं, डोकं ठणकतं आणि कुणी हाक मारली तरी तिला ती शिवी वाटते. एका घरात दोन लाभार्थी असताना योजना एकीपुरती राबवणं तिच्या बापाला नियमात बसेना.

मग काटा आला. छोटा, पितळी, स्वतः तपासून शिक्का मारलेला. तीळ वीस ग्रॅम, जवस दहा, अक्रोड पंधरा. इतक्या बारीक मापाला वारा चालत नाही, पारडं डुलतं. म्हणून वजन करताना स्वयंपाकघरातला पंखा बंद. खिडकी बंद. वजन होईस्तोवर लाभार्थीने जागेवर हजर राहायचं, कारण माल तिच्या डोळ्यांसमोर मोजला गेला पाहिजे, उद्या तक्रार नको. जिच्या अंगाची भट्टी झाली म्हणून हा सगळा खटाटोप, ती बाई बिनवाऱ्याच्या खोलीत चुलीशेजारी उभी, पदराने मान पुसते आहे, आणि हा डोळा बारीक करून दहा ग्रॅम जवस जुळवतो आहे. 'घाम. अति,' असं त्याने त्या दिवशी लिहिलं. दुसऱ्या दिवशी जवस पंधरा ग्रॅम झालं, म्हणजे पंखा आणखी थोडा वेळ बंद.

लाभार्थींचं अन्न बाकीच्यांनी खायचं नाही, सरमिसळ होते. म्हणजे सूनबाईचा स्वयंपाक वेगळा, नातीच्या चार दिवसांचा वेगळा, आमचा नेहमीचा वेगळा. तिन्ही करणारे हात तेच दोन. ती सहाला उठायची, आता पाचला उठायला लागली. तक्त्यात निळ्या शाईने 'पुरेशी झोप' असं होतं. त्यावर त्याने तोडगा काढला. रात्री एक कप कोमट दूध वाढवलं. ते कोमट करायला तीच उठायची.

शिवाय कुठलाही माल वाटण्याआधी नमुना तपासायचा, हा त्याच्या खात्याचा दंडक. रोज दोन अक्रोड, चार बदाम, वाटीभर दही तो स्वतः तपासायचा. फार कसोशीने तपासायचा. महिन्याभरात सूनबाईचे गाल बसले आणि याचं पोट सुटून पट्ट्याला टोकाकडे नवीन भोक पाडावं लागलं.

नातीने एकदा त्याला हटकलं. तिचा फोन वाजला तेव्हा याने उचलून मैत्रिणीला परस्पर सांगितलं, ती येणार नाही. पोरगी तणतणत आली. त्याने कॅलेंडर बघितलं, बोटांवर मोजलं आणि तिच्या हातात केळं दिलं.

"बाबा, आज चोविसावा दिवस आहे हे खरं," ती म्हणाली. "पण तुम्ही माझा फोन उचलला, हेही खरंच आहे ना?"

त्याने लिहिलं, 'युक्तिवाद. तीव्र.' पुढे पाळी येऊन गेली, पोट उतरलं, पोरगी गाणं गुणगुणायला लागली, आणि गुणगुणता गुणगुणता तिने तोच प्रश्न पुन्हा विचारला. त्याने लिहिलं, 'लक्षणे अवेळी. आहार दुप्पट.'

आता माझं सांगते, नाहीतर म्हणाल म्हातारी दुसऱ्याचंच उणं काढते. वहीतल्या प्रत्येक पानाखाली माझी सही आहे. स्त्रीची बाजू स्त्रीने पाहिली असं कागदावर दिसलं पाहिजे, म्हणून त्याने मला साक्षीदार केलं. रोज संध्याकाळी वही माझ्या मांडीवर यायची. मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू. या घरात कुणी मला जेवायला काय करू असं विचारलं असेल, सही करशील का असं नव्हतं विचारलं. आणि खरं सांगायचं तर आत कुठेतरी गारही वाटायचं. माझे ते दिवस आले तेव्हा मी दोन वर्षं भांडी आपटली. तेव्हा कुणी तक्ता केला नाही, नाव ठेवलं, 'तोफ'. भांडी आपटायची थांबून जमाना झाला, नाव अजून तेच आहे. मग सूनबाई कुरकुरली की मी म्हणायचे, आम्हीही गेलो यातून, मेलो नाही. आणि सही करायचे.

पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला तिला कागद आला. दोन तासांवरच्या गावातल्या शाळेने तिला मुख्याध्यापिका म्हणून बोलावलं होतं. राहायला शाळेचीच खोली, शनिवार-रविवार घरी. होकार महिनाअखेरच्या आत कळवायचा. तिने कागद टेबलावर ठेवला आणि म्हणाली, मला जायचं आहे. एवढंच. आवाज चढवला नाही, हात हलवले नाहीत.

मुलाने तिच्या कपाळाकडे निरखून बघितलं. तिथे घाम होता. तो म्हणाला, हा निर्णय वाफेत घेतलेला दिसतो. कागद घडी करून त्याने वहीत ठेवला आणि वर 'प्रलंबित' असं लिहिलं. नियमही तिथल्या तिथे झाला. सलग एकवीस दिवस 'स्थिर' अशी नोंद झाली की निर्णय विचारात घेतला जाईल. ती रोज विचारायची, माझा कागद द्या. विचारलं की तो लिहायचा, 'अस्वस्थता', आणि एकवीस पुन्हा एकपासून सुरू. गणिताची बाई ती. चौथ्या दिवशीच तिला कळलं असणार की हे उदाहरण सुटायचं नाही.

याची कीर्ती तोवर जिन्याजिन्याने पसरली. एका रविवारी इमारतीतले सात नवरे आमच्या दिवाणखान्यात जमले. बायकांच्या आहार व्यवस्थापनाची समिती काढायची होती. बायका आत चहा करत होत्या, जो त्यांनी प्यायचा नव्हता. समितीचं नाव काय ठेवावं यावरून पाचव्या मिनिटाला आवाज चढले. अध्यक्ष कोण यावरून दोघे उभे राहिले. तळमजल्यावरचे बँकवाले खुर्ची लाथाडून निघून गेले, मग विसरलेली छत्री न्यायला परत आले आणि पुन्हा भांडून गेले. जवसाची बरणी समोर टेबलावर होती. कुणाला चमचाभर देण्याचं कुणाच्या मनात आलं नाही, आणि माझा मुलगा इतका वेळ वही मांडीवर घेऊन बसला होता, पण पेनाचं टोपण निघालं नाही. इतिवृत्तात आलं, 'सविस्तर चर्चा झाली.'

तुम्ही म्हणाल, असा नमुना आमच्या घरात नाही. नसेल. वही काय सगळ्यांकडे असते असं नाही. 'सोड, हल्ली तिचे ते दिवस आहेत' एवढं म्हटलं तरी भागतं. ते कुणी म्हटलं नाही असं घर मला दाखवा, मी चालत येऊन बघून जाईन.

त्यानंतर सूनबाई शांत झाली. पाचला उठून तिन्ही स्वयंपाक करायची, वजन होईस्तोवर उभी राहायची, वाढलेलं सगळं खायची. कागद मागेना. टॉवेलबद्दल बोलेना. मुलगा खूश. 'स्थिर, स्थिर, स्थिर' अशी पानं भरली आणि मी सह्या केल्या. मला मात्र चैन पडेना. जी बाई एवढं बोलायची ती गप्प झाली, आणि घरात त्याचा आनंद झाला होता.

महिन्याच्या शेवटच्या संध्याकाळी तो जेवणाच्या टेबलाशी एक पत्र घेऊन आला. स्थिर दिवस अकराच भरले होते, म्हणून त्याने तिच्या वतीने शाळेला लिहिलं होतं, की प्रकृतीच्या कारणास्तव ही जागा स्वीकारता येत नाही. तिची सही हवी होती आणि साक्षीदार म्हणून माझी. तो ठणठणीत आवाजात वाचत होता. सूनबाईने तोवर स्वतःचं ताट वाढून घेतलं. आमच्या आधी. खुर्ची ओढून बसली, भाजीतून वाफ निघत होती, आणि तिने पहिला घास घेतला.

"मी शनिवारीच जाऊन होकार देऊन आले," ती म्हणाली. "सोमवारी रुजू व्हायचंय."

मग माझा मुलगा जो सुटला. घराची कुणाला पर्वा नाही, मी एवढं रक्त आटवलं, लोक काय म्हणतील, समितीला काय तोंड दाखवू. टेबलावर हात आपटला, दह्याची वाटी उडाली. मान लाल, कपाळावर घाम, आवाज जिन्यापर्यंत. नात दारात येऊन उभी राहिली. सूनबाई जेवत होती. सावकाश, एकेक घास चावून, डॉक्टरीणबाईंनी सांगितल्यासारखी. दम संपला तेव्हा तो माझ्याकडे वळला.

"आई, तू तरी सांग हिला. तू साक्षीदार आहेस. एवढ्या सह्या आहेत तुझ्या."

मी त्याच्या हातातलं पेन घेतलं, टोपण लावलं आणि त्याच्याच खिशाला अडकवलं.

"होय, आहेत सह्या, आणि त्याची लाज माझी मी निस्तरीन. पण साक्षच हवी असेल तर ऐक. बायकोच्या पोटात काय गेलं ते तू दोन महिने ग्रॅमवर मोजलंस, तिच्या तोंडून काय आलं ते एकदाही ऐकलं नाहीस. ती जाणार, आणि पाचला उठून तू काय ते शिजवणार. आणि आता एवढा अर्धा तास तू ओरडलास, वाटी उडवलीस, पण कुणी विचारलं का रे तुला, सकाळी काय खाल्लं होतंस म्हणून?"