म्हातारीचे नवे ब्रेक

"त्यात काय शे?" असं रतिलालने म्हटलं, की धरणगावातल्या त्याच्या गल्लीत शेजारी आपापली दारं लोटून घेत. हेच वाक्य म्हणून त्याने मागे वना नावाच्या शेजाऱ्याची पाण्याची मोटर दुरुस्त केली होती. तेव्हापासून वना विहिरीवरून पाणी शेंदतो.

या खेपेला ते वाक्य निघालं ते त्याच्या ट्रकवरून. ट्रक इतका जुना, की सगळं गाव त्याला म्हातारी म्हणायचं. गेल्या आठवड्यात कापूस घेऊन जिनिंगच्या कारखान्यात शिरताना म्हातारी थांबायला विसरली आणि फाटकाला टेकूनच काय ती थांबली. वर बॉनेटमधून वाफ निघत होती. फाटकाला नुसता पोचा आला, पण जिनिंगचे मालक मोतीलालशेठ यांना दरदरून घाम फुटला. त्यांनी बजावलं, सोमवारी सकाळी पुढचे ब्रेक नवे बसवून ये आणि इंजिन किती तापलं ते दाखवणारं मीटरही लाव. तापलेल्या इंजिनाजवळ मी कापूस ठेवणार नाही. जमत नसेल तर या हंगामाच्या खेपा दुसऱ्याला जातील.

खेपा गेल्या असत्या तर रतिलाल उपाशी मेला नसता, त्याहून वाईट झालं असतं. त्याचा धुळ्याचा मेहुणा धनसिंग, गॅरेजवाला आणि दोन नव्या ट्रकांचा मालक, कधीचा टपून बसला होता. म्हातारी भंगारात द्या आणि माझ्याकडे ड्रायव्हर म्हणून या, असं तो दर सणाला जेवता जेवता सांगायचा. सोमवारी तो मुद्दाम धरणगावला येणार होता, म्हातारीचा निकाल बघायला. रतिलालचा म्हातारीवर जीव होताच, पण त्याहीपेक्षा बायकोच्या भावाला "निघू का?" असं विचारून रोज घरी यायचं, या कल्पनेने त्याची भूक मेली होती. म्हातारीने सोमवारी नीट थांबून दाखवायलाच हवं होतं.

रविवारी सकाळी त्याने पुढची चाकं जॅकवर घेतली. मिस्तरींच्या मागे उभं राहून त्याने आयुष्यभर सूचना दिल्या होत्या, त्यामुळे काम त्याला तोंडपाठ होतं. जुने लायनर निघाले, नवे बसले. आता पाइपातली हवा काढायची, आणि त्याला दोन माणसं लागतात, एक खाली आणि एक ब्रेकच्या पेडलवर. पेडलवर त्याची बायको बेबाबाई बसली. तो खालून "दाब" म्हणाला की ती दाबायची, "सोड" म्हणाला की सोडायची. लग्न झाल्यापासून बेबाबाईने त्याचं इतकं कधी ऐकलं नव्हतं, म्हणून त्याने ते काम गरजेपेक्षा जरा जास्तच चालवलं.

शेवटचं "दाब" म्हणून झाल्यावर त्याच्या मनात आलं, लगे हाथ मीटरही जोडून टाकू. "सोड" म्हणायचं राहूनच गेलं. बेबाबाई मुकाट पेडल दाबून बसली. रतिलालने डॅशबोर्डखाली डोकं घालून एकेक वायर चाचपली, एका वायरीवर टेस्टरचा दिवा लागला. त्याने मीटरची वायर तिलाच पिळली आणि वर चिकटपट्टी गुंडाळली. काटा जरासा हलला. एवढं सोपं काम लोक मिस्तरीला का देतात, असा प्रश्न त्याने बेबाबाईला विचारला.

"मना पाय सुन्न व्हई गया," ती म्हणाली. "तुम्ही सोडानं सांगंच नही."

मग गल्लीच्या टोकापर्यंत एक चक्कर झाली. तिथे त्याने ब्रेक मारला आणि म्हातारी जागच्या जागी उभी राहिली. पेडलवर पाय ठेवूनच त्याने मीटरकडे पाहिलं, काटा वर आलेला. चालवताना मात्र तिकडे बघायला त्याला सवड नव्हती, कारण शेजारी दार किलकिलं करून बघत आहेत की नाही, ते त्याला बघायचं होतं.

दारात ट्रक लावून तो हातपाय धुवायला मोरीत गेला. बाहेर आला तर बेबाबाईने बॉनेटला हळदकुंकू लावलेलं होतं. तिने त्याच्या हातावर प्रसादाचं खोबरं ठेवलं. त्याने समाधानाने खोबरं तोंडात टाकलं आणि त्याची नजर पुढच्या उजव्या चाकाखाली गेली. चाकाच्या मधून काहीतरी ठिबकत होतं, खाली मातीत चांगला ओला डाग पडला होता.

ब्रेक ऑइल गळतंय!

त्याने चाक पुन्हा उघडलं. आतला वॉशर बदलला, पान्यावर पाय देऊन नट आवळला, बेबाबाईला पुन्हा पेडलवर बसवून हवा काढली. काम संपवून तो हात धुऊन आला, तर कुंकू ताजं, हातावर पुन्हा खोबरं, आणि चाकाखाली पुन्हा डाग. त्याने तिसऱ्यांदा चाक उघडलं. तोंडात खोबरं चघळत तो घामाघूम होऊन गळती शोधत होता, आणि गळती म्हणावी तर कुठेच नव्हती. चाक बसवून तो पुन्हा हात धुवायला गेला. परत येतो तर पुन्हा डाग!

आता त्याला खरोखरच रडू येऊ लागलं. डोळ्यांपुढे धनसिंगचा नवा ट्रक आला आणि त्याच्या स्टिअरिंगमागे स्वतःचं तोंड आलं. शेवटी त्याने चाकावर बोट फिरवून जिभेला लावलं. चव गोडसर. मग काय, सगळा उलगडा झाला! ट्रकचं सामान विकणाऱ्या पुनाने भेसळीचं ऑइल दिलं होतं. तो तसाच दुकानावर गेला आणि गिऱ्हाइकांसमोर पुनाचा उद्धार करून आला. पुना इतका चिडला, की दुकान उघडं टाकून त्याच्यामागे घरापर्यंत आला.

दोघे दारात पोचले तेव्हा बेबाबाई चाकासमोर बसली होती. तिने दगडावर नारळ फोडला आणि त्यातलं पाणी, शेतातून आलेल्या बैलाच्या पायांवर घालावं तसं, सावकाश चाकावर ओतलं.

"कितला नारय फोडू मी?" ती वैतागून म्हणाली. "पूजा व्हई का तुम्ही चाक उघाडतस."

चाक उघडलं म्हणजे आधीची पूजा मोडली, हा तिच्या माहेरचा नियम होता. पुनाने खोबऱ्याचा मोठा तुकडा उचलला आणि तो खात खात दुकानाकडे गेला.

सोमवारी धनसिंग आला. रतिलालने त्याला आणि बेबाबाईला शेजारी बसवलं आणि कापूस भरलेली म्हातारी जिनिंगकडे काढली. मीटरचा काटा तळाला झोपलेला होता. हे बघ, इंजिन कसं थंडगार आहे, असं तो धनसिंगला वाटेत सारखं ऐकवत राहिला. धनसिंग काट्याकडे बघत नुसता हुं हुं करत होता.

फाटकाशी मोतीलालशेठ उभे होते, पण जरा लांब, भिंतीच्या आडोशाला. रतिलालने ब्रेक मारला आणि म्हातारी फाटकापासून हातभर अंतरावर गुमान थांबली. शेठ खुशीत पुढे आले, त्यांनी खिडकीतून मीटरकडे पाहिलं आणि ते जोरात मागे सरले. तळाला झोपलेला काटा ताडकन अर्ध्यावर आला होता.

शेठनी माणसांना हाक मारली, बादल्या आल्या, बॉनेटवर पाणी पडलं. घाबरून रतिलालचा पाय पेडलवरून सुटला आणि काटा खाली पडला. पाण्याचा गुण आला म्हणून सगळ्यांना हायसं वाटलं. म्हातारी हळूच पुढे सरकू लागली, म्हणून त्याने पुन्हा ब्रेक दाबला. काटा वर! पुन्हा बादल्या.

या गोंधळात बेबाबाई शांतपणे म्हणाली, "पाय दाबा का तो काटा वर जास. मी तं काल बठ्ठा दिन देखं. माले वाटनं, ब्रेकनंच मीटर शे."

धनसिंगने डॅशबोर्डखाली हात घातला, चिकटपट्टी सोडवली आणि वायरीचं दुसरं टोक कुठे जातं ते पाहिलं.

"पाव्हणा," तो म्हणाला, "हाई वायर ब्रेकना लाईटनी शे."

त्याने वायर काढून जिथे हवी तिथे जोडली. काटा अर्ध्यावर गेला आणि शहाण्यासारखा तिथेच राहिला. चालत्या इंजिनाचा काटा तिथेच असायला हवा होता. शेठ बराच वेळ मीटरकडे बघत राहिले, मग फाटकाकडे, मग फाटक आणि म्हातारी यांच्यामधल्या हातभर जागेकडे. खेपा तुझ्याच, पण वायरीला पुन्हा हात लावायचा नाही, असं बजावून ते वजनकाट्याकडे गेले. मेहुण्याने जोडलेल्या वायरीवर आता आपला हंगाम चालणार, हे रतिलालला जरा झोंबलं. पण म्हातारी त्याचीच राहिली आणि तोही स्वतःचाच राहिला, याचा आनंद त्याहून मोठा होता. त्याने तिच्या बॉनेटवरून हात फिरवला.

थोड्याच वेळात शेठ धावत परत आले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"अरे रतिलाल, पुढच्या चाकातून ऑइल गळतंय!"

रतिलालने वाकून पाहिलं. चाकापाशी बेबाबाई नारळाची दोन भकलं पिशवीत भरत होती. वायर उघडली होती ना.

"शेठजी," तो म्हणाला, "जरा चाखून बघा."