रशीदभाई आणि माझ्या कॉम्प्युटरचा पंखा

मंगळवारी सकाळी साडेदहा वाजता रशीदभाई त्यांच्या दुकानात वारले. माझ्या कॉम्प्युटरचं झाकण त्यांच्या हातात होतं.

मी समोर स्टुलावर होतो. त्यांनी चपला काढल्या, बसल्या जागेवरून खिडकीचा गज धरला आणि डोळे मिटले. मग कपाळ गजाला टेकलं. आज अंगात वीज जास्त साचली असेल, असं मला वाटलं. मी वाट पाहत बसलो.

त्या गजाला त्यांनी आर्थिंगची तार बांधली होती आणि वीतभर रंग खरवडून काढला होता. कुठल्याही मशीनच्या पोटात हात घालण्याआधी ते तो गज धरत. गिऱ्हाइकांना वाटे, दुआ मागताहेत. राइस मिलचे मुनीम तर स्वतःही हात जोडत. मी एकदा विचारलं, तेव्हा म्हणाले, "अंगातली वीज सांडून राह्यलो, सर. आपल्याले समजत बी नाई, पन मेमरीचा जीव जाते." मुनीमजींना का सांगत नाही, असं विचारलं तर म्हणाले, हात जोडलेले राहतात तोवर ते मशीनमध्ये बोटं घालत नाहीत.

आमच्या मूल गावात भिजलेला मोबाइल तांदळात पुरायची रीत आहे. तसा कोणी घेऊन आला की रशीदभाई विचारत, आता याचा भात काऊन नाही रांधला? नवं अपडेट आलं की लोक घाई करत. त्यांना ते महिनाभर थांबवत. "नवा तांदूळ चिकट होते. अपडेट बी तसंच. जुनं होऊ द्या जरा." लाइनचा भरवसा नसेल त्या दिवशी अपडेटला हात लावायचा नाही. आणि सगळ्यांच्या वर त्यांचा मंत्र होता, "आधी नक्कल, मंग अक्कल." नक्कल दुसऱ्या मशीनवर उघडून पाहायची. "उघडून नाई पाह्यली तं ते नक्कल नाई, सर. ते उम्मीद हाय."

माझं घर मिलच्या मागे. हवेत कोंडा असतो. म्हणून ते दर रविवारी माझ्या कॉम्प्युटरचा पंखा पाहायला येत. पंखा आवाज करतो, म्हणत. मला तो आवाज कधी ऐकू आला नाही. मी कॉलेजात ग्रंथपाल होतो, शांततेत आयुष्य गेलं, माझे कान तिखट आहेत. तरी ते झाकण काढत, ब्रश फिरवत, चहा घेत आणि तासाभराने जात. पैसे घेत नसत. त्यांच्या या पंख्याच्या वेडाची मी चारचौघांत थट्टाही केली आहे.

कॉम्प्युटर सुमनचा, माझ्या पत्नीचा. ती शाळेत शिकवायची. सुट्टीत गावोगावच्या बायांकडून रोवणीची, म्हणजे भातलावणीची, गाणी ऐकायची आणि जुन्या फॉन्टमध्ये टाइप करायची. तीन वर्षांपूर्वी ती गेली. नव्या प्रणालीत तो फॉन्ट नसतो, गाण्यांच्या जागी रेघा आणि टिंबं दिसतात, असं ऐकलं होतं. म्हणून मी अपग्रेड टाळत राहिलो. शेवटी गेल्या महिन्यात मीच म्हटलं, करून टाका. सोमवारी त्यांचा फोन आला. डिस्क पुसून नवं टाकलं होतं. उद्या या, म्हणाले, मेमरी वाढवतो आणि तुमच्यासमोर बाईंची गाणी परत भरतो.

गाणी कुठून भरणार होते, हे मी विचारलं नव्हतं.

मंगळवारी संध्याकाळी कब्रस्तानात मी मूठभर माती टाकली. ती टाकताना माझ्या मनात डिस्क होती. हे मी कोणाला सांगितलं नाही, इथे लिहितो आहे.

पाचव्या दिवशी नागभीडहून त्यांच्या थोरल्या बहिणीचा, नजमाआपांचा फोन आला. "सर, तुमचा डबा इथी हाय. येऊन घेऊन जा ना."

एक नक्कल परगावी पाहिजे, हा त्यांचा नियम होता. दर महिन्याला ते एसटीने नागभीडला जात. मी गेलो. आपांच्या खोलीत एक लोखंडी पेटी होती, तिच्यात स्टीलचे डबे, प्रत्येकावर चिकटपट्टीवर नाव. आपा म्हणाल्या, "मले वाटे मिठाई आणते भाऊ. उघडून पाह्यलं तं सारं गावच भरून ठेवलं होतं यानं."

माझ्या डब्यात एक ड्राइव्ह होता आणि एक कार्ड. दवाखान्यात पेशंटचं असतं तसं, दर फेरीला रविवारच्या नोंदी उतरवलेलं. पहिली ओळ होती, ‘गाणी उघडून पाहिली. फॉन्टबी सोबत ठेवला.’ मी तिथेच भिंतीला पाठ लावून बसलो.

मग पुढचं वाचलं.

‘बाई गेल्या. सर बोलत नाहीत. पंखा ठीक आहे, पन रविवारी पाहाचा.’

‘पंखा ठीक. सर बोलले नाहीत.’

‘पंखा ठीक. चहा सरांनी केला. साखर नाही.’

खाली बऱ्याच रविवारी नुसतंच ‘पंखा ठीक’. मध्ये एका ठिकाणी, ‘सर हसले. मिलवाल्याच्या मोबाइलच्या भाताची गोष्ट.’ शेवटची ओळ गेल्या महिन्याची होती. ‘सर स्वतः म्हनले, नवं टाका. आता जमते.’

आपांनी विचारलं, काय लिहिलंय. मी म्हटलं, मशीनची तब्येत.

रशीदभाईंच्या भाच्याने कॉम्प्युटर दुकानातून घरी आणून जोडला आणि ड्राइव्हमधली गाणी, फॉन्ट भरून दिले. मी गाणी उघडून पाहिली. अक्षरं दिसतात.

गाणी सगळी आहेत. पंखा ठीक आहे. रविवारी कोणी येत नाही.